लेकीला नेमबाजीला घातलं त्याची गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं, अशा तीन प्रकारे नेम धरायचा) ब्राँझ घेतलं आणि कोल्हापुरातल्या नेमबाजीच्या सगळ्या रेंजचे फोन खणखणायला लागले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकचं पदक घेऊन येतो म्हटल्यावर ते होणारच होतं. त्या लाटेत आम्हीही होतो. मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची. मैदानी खेळात तिचं मन कधी रमलं नाही, कबड्डीच्या अंगझटीला तर ती घाबरायचीच. पण एखादं बारीक काम हातात घेतलं की तास-तास मान वर करायची नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांनीच सुचवलं, "हिला रेंजवर नेऊन बघा एकदा."

घरात विरोध सासूबाईंकडून होईल असं मला वाटत होतं. त्या उलट म्हणाल्या, "तेजस्विनी काय, राही काय, आपल्याच गावच्या पोरी की. घाला." (तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत, दोघी कोल्हापूरच्या नेमबाज.) अडून बसले ते आबा, म्हणजे माझे सासरे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मला वाटलं होतं की नातीच्या हातात रायफल बघून त्यांची छाती फुगेल. ते म्हणाले, "खेळ म्हणून शिकू दे, माझी ना न्हाई. पण शिकवणारा कसा हाय ते मी बघणार. मी बघितल्याशिवाय फी भरायची न्हाई."

मग मी आणि आबा रेंज बघत फिरलो. मुलीला सोबत नेलं नाही. हे फार बरं झालं, कारण मुलं पहिल्याच चकचकीत जागेवर भाळतात.

अशीच एक चकचकीत जागा आम्हाला लागली. एसी, इलेक्ट्रॉनिक टार्गेट, लेनच्या समोर स्क्रीन, भिंतीवर पदकवीरांचे फोटो. तिथल्या माणसानं आम्हाला खर्चाची पॅकेजं समजावून सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात एक मुलगा शेजारच्या मित्राशी बोलायला वळला आणि त्याच्या हातातलं पिस्तूलही त्याच्याबरोबर वळलं. नळी सरळ पालकांच्या बाकड्याकडे. कोच मोबाइलमध्ये. आबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि बाहेर पडले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "रिकामं होतं म्हणतील. रिकामी बंदूक नसतीच."

दुसरी जागा एका जुन्या हॉलमध्ये होती. पंखे, कागदी टार्गेट, टार्गेट मागेपुढे न्यायला हातानं फिरवायची पुली. फरशीवर लाल पट्टी मारलेली आणि तिच्या पुढे नेमबाज सोडून कुणी जायचं नाही. आम्ही बघत असताना एका मुलानं हुकूम मिळायच्या आधीच छर्रा भरला. शिकवणाऱ्या मॅडमनी सगळी रेंज थांबवली. प्रत्येकानं हत्यार टेबलावर ठेवलं, मागे सरकला. त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा नेम धरायला मिळाला नाही. बसून टार्गेटची कार्डं मोजायचं काम मिळालं. आरडाओरडा नाही, अपमान नाही. आबा म्हणाले, "हितं घाला."

रेंज निवडताना इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे का, एसी आहे का, हे प्रश्न पालक पहिल्यांदा विचारतात. मी आता सांगते की अर्धा तास गप्प बसून फक्त नळ्यांकडे बघा. प्रत्येक नळी टार्गेटच्या दिशेला आहे का? वापरात नसलेल्या प्रत्येक हत्याराच्या नळीतून ती भडक रंगाची दोरी, सेफ्टी फ्लॅग, आरपार घातलेली आहे का? नळीत छर्रा नाही हे लांबून दिसावं म्हणून ती असते. "स्टॉप" म्हटल्यावर सगळे थांबतात की एखादा तेवढा एक मारून घेतो? बाकी सुविधा मागाहून बघता येतात.

पहिले काही आठवडे मुक्ताच्या हातात काहीच दिलं नाही. आमच्यासोबत आलेल्या एका वडिलांचा धीर सुटला. ते म्हणाले पैसे घेऊन नुसतं उभं करतात, आणि मुलाला काढून घेऊन गेले. खरोखरच नुसतं उभं करत होते. पाय खांद्याएवढे फाकवून, वजन दोन्ही पायांवर सारखं, डोळे मिटून. डोळे उघडल्यावर आपण कुठे झुकलोय ते बघायचं. मग हात लांब करून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरायची आणि समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. मनगटाला वजनं बांधून घरी सराव करून घेऊ का, असं मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "अजिबात नको. वाढतं अंग आहे. बाटली पुरे."

त्याच काळात डोळ्यांची चाचणी झाली. दोन्ही हातांचे पंजे जुळवून मध्ये छोटं भोक ठेवायचं, त्यातून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू भोकातच राहते तो डोळा वरचढ. मुक्ता उजव्या हातानं लिहिते, पण तिचा डावा डोळा वरचढ निघाला. असं बऱ्याच मुलांचं असतं आणि बिघडत काही नाही, पण रायफल की पिस्तूल हे ठरवताना त्याचा विचार करावा लागतो. रायफलला गाल लावून नेम धरायचा असतो, त्यामुळे डावा डोळा तर डावा खांदा. पिस्तूल उजव्या हातात धरून डाव्या डोळ्यानं बघता येतं, उभं राहण्याचा कोन आणि मान थोडी बदलावी लागते. शिवाय ती डोळे बारीक करते हे मॅडमच्या लक्षात आलं. डॉक्टरांकडे नेलं तर चष्म्याचा नंबर निघाला. घरात आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. वर्गात पहिल्या बाकावर बसायची ना.

दुसरा मुद्दा वजनाचा. १० मीटर एअर रायफल नियमाप्रमाणे साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती उभ्यानं धरताना कंबर एका बाजूला काढून, पाठ मागे कलवून डावं कोपर बरगडीपाशी टेकवतात. मोठ्या नेमबाजांचं अंग त्या जाड कॅनव्हास-चामड्याच्या जॅकेटनं सावरलं जातं. अकरा वर्षांच्या पोरीला रोज त्या अवस्थेत उभं करणं मॅडमना पसंत नव्हतं. लहान मुलांना त्या रायफल टेकूवर ठेवूनच देतात. एअर पिस्तुलाला नियमानं दीड किलोची मर्यादा आहे, प्रत्यक्षात ती किलोच्या आसपास असतात, आणि लहान हातांसाठी हलकी, आखूड मॉडेलंही मिळतात. म्हणून सुरुवात पिस्तुलानं झाली.

पहिल्यांदा छर्रे मारले त्या दिवशी मुक्ता जरा हिरमुसून बाहेर आली. "आई, टार्गेट उलटं लावलं होतं!" कार्डाची पांढरी, कोरी बाजू समोर. वर्तुळं नाहीत, आकडे नाहीत. पिस्तूल टेकूवर ठेवून कोऱ्या कागदाच्या मध्यावर मारायचं आणि भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात तेवढंच बघायचं. याला ग्रुपिंग म्हणतात. भोकं सगळी डावीकडे खाली पडली तरी चालतील, एका जागी पडली की झालं. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या स्क्रूचे, दोन-चार क्लिक फिरवून ती मध्यावर आणता येतात. विखुरलेली भोकं मात्र कुठल्याही स्क्रूनं गोळा होत नाहीत. आणि ती विखुरतात बहुतेक वेळा बोटामुळे. पिस्तुलाचा ट्रिगर नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम दाबाचा लागतो. तो हळूहळू दाबत न्यायचा असतो, पण "आता बरोबर दिसतंय, मार!" असं डोक्यात आलं की बोट झटका देतं. नजर मागच्या टार्गेटवर नाही, पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवर ठेवायची. टार्गेट अंधुक दिसलं पाहिजे. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण जिथे मारायचं तिथेच बघायचं नाही हे त्यांना खोटं वाटतं. जत्रेत फुगे फोडून आलेल्या मुलांना तर जास्तच.

बराच काळ आमच्या घरात आकडा आलाच नाही. मला हे इतकं आवडलं की कार्डाची बाजू पालटली, दहा-नऊ-आठ सुरू झाले, तरी मी ते विचारायचं नाही असं ठरवून टाकलं. सोपं नव्हतं. रेंजच्या मागे काचेची खोली आहे, तिथे पालक बसतात. काही जण मोबाइलचा कॅमेरा झूम करून पोरांची कार्डं वाचतात. एक आई तर प्रत्येक छर्र्यानंतर मान हलवायची, आणि तिचा मुलगा प्रत्येक छर्र्यानंतर मागे वळून काचेकडे बघायचा. हा खेळ बाहेरून बघायला कंटाळवाणा आहे. काहीही हलत नाही, आणि न हलण्यालाच गुण आहेत. बघणाऱ्याला धरायला आकड्याशिवाय काही सापडत नाही, म्हणून आपण आकड्याला चिकटतो. मी पुस्तक न्यायला लागले. रेंजवरून बाहेर आल्यावर मी "भूक लागली का?" एवढंच विचारते. तिला सांगायचं असेल तर दुसऱ्या घासाला ती सगळं सांगते: कुठला छर्रा का गेला, श्वास कुठे अडकला, शेजारचा किती आवाज करत होता. कित्येकदा त्यात आकडा नसतोच.

घासावरून आठवलं, छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबण लावून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, छर्रे तोंडात किंवा खिशात ठेवायचे नाहीत, हे नियम आमच्या रेंजवर कडक आहेत. तुमच्या रेंजवर नसतील तर आपल्या मुलापुरते तरी करा. बोटं काळपट झालेली असतात आणि शेवचिवड्याचा डबा समोर असतो, तेव्हा मुलांना काही आठवत नाही.

आता पैशांचं आणि कायद्याचं, कारण फोन करणारे निम्मे लोक तेच विचारतात. ४.५ मिलिमीटर बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची), २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घ्यायला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. १० मीटरचे सगळे प्रकार याच हत्यारांनी खेळतात. पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची बंदूक, म्हटलं की परवान्याचा विषय येतो, पण तो पुढचा टप्पा. परवाना लागत नाही याचा अर्थ मात्र गच्चीवर कावळ्यांवर चालवायची वस्तू आहे असा नाही. या छर्र्यानं डोळा जातो.

परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, रायफल त्याहून वर, आणि रायफलवाल्यांना जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह हा सगळा संसार वेगळा. पिस्तूलवाल्यांना जॅकेट लागत नाही. बूट मात्र घोट्याच्या खालचे लागतात. घोटा झाकणारे महागडे स्पोर्ट्स शूज घेऊन गेलात तर स्पर्धेच्या आधीच्या तपासणीत बाहेर काढतात. छर्रे ५०० च्या डब्यात येतात. रोजचा सराव सुरू झाला की डबा बघता बघता संपतो आणि खरा खर्च तिथे होतो. हत्यार आम्ही क्लबचंच वापरतो.

मध्यंतरी एक जुनं पिस्तूल फार स्वस्तात मिळत होतं. विकणाऱ्यानं फोटो पाठवले, ग्रिपचं लाकूड चकाकत होतं. मॅडमनी फोटो बघून पहिला प्रश्न केला, "सिलिंडरवरची तारीख कुठाय?" ही हत्यारं २०० बारपर्यंत दाबानं भरलेल्या हवेच्या छोट्या सिलिंडरवर चालतात. त्या सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षांचं धरतात आणि तारीख त्याच्यावरच असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि मुलीच्या तोंडाजवळ तेवढा दाब धरून ठेवणारी वस्तू मुदतीबाहेर वापरायची कशाला? तारखेचा फोटो मागितल्यावर त्या गृहस्थांनी उत्तरच दिलं नाही.

पाहुणे आले की बंदुकीचा विषय निघतोच. मामेभाऊ म्हणतात, "दाखव की पिस्तूल, फोटो काढू." मुक्ताचं पिस्तूल घरी नसतंच हे एक बरं आहे. पण रेंजवर पालक-दिनाला घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा काकानं फोटोसाठी पिस्तूल स्वतःकडे रोखायला सांगितलं. ती म्हणाली, "काका, असं नाही करत." आणि पिस्तूल टेबलावर ठेवून मागे सरकली. काका हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी घरी येताना तिला गाडी थांबवून सोळंकीचं आइस्क्रीम खाऊ घातलं. दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलानं धाकट्या भावाच्या मागे पळणं मात्र तिनं आपणहून बंद केलं, आम्ही काही बोललो नव्हतो. खंडेनवमीला रेंजवर हत्यारांची पूजा असते. मुलं झेंडूच्या माळा घेऊन तयार होती. मॅडमनी आधी प्रत्येक नळीत सेफ्टी फ्लॅग घालून घेतला, एकेक तपासला, मगच हळदकुंकू.

यथावकाश जिल्हास्तरावरची स्पर्धा आली. त्यासाठी कागदपत्रांची जमवाजमव: जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, असोसिएशनची नोंदणी, फोटो. पुढची शिडी लांब आहे: जिल्हा, राज्य, मग मावळणकरांच्या नावाची देशपातळीवरची स्पर्धा, मग राष्ट्रीय. रेंजवरची मोठी मुलं "तू मावळणकर खेळलास का?" असं विचारतात, जसं काही मावळणकर हे गावाचं नाव. ते गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ मध्ये देशाची रायफल असोसिएशन उभी करण्यात पुढे होते, हे मी मुक्ताला सांगितलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

स्पर्धेत सुरुवातीची १५ मिनिटं तयारी आणि सायटिंगची, म्हणजे साइट जुळवून बघायची, त्यातले छर्रे धरत नाहीत. मग "मॅच फायरिंग, स्टार्ट". पिस्तुलाच्या कार्डावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. रायफलवाल्यांचा दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा, छर्र्याहून कितीतरी बारीक. मी काचेमागे पुस्तक उघडून बसले होते, एक ओळही वाचली नाही. दुसऱ्या सिरीजमध्ये (दहा छर्र्यांची एक सिरीज) तिनं हात खाली घेतला, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि रेंज ऑफिसरला हात केला. तिनं शेजारच्या टार्गेटवर छर्रा मारला होता. क्रॉस फायर. आपल्या खात्यात शून्य. शेजारच्या मुलाच्या कार्डावर एक भोक जास्त दिसून त्याची पंचाईत होऊ नये म्हणून तिनं आपणहून सांगितलं होतं. मग तिनं बराच वेळ काहीच मारलं नाही. दोनदा हात उचलून खाली घेतला. घड्याळ चालूच. माझ्या शेजारचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "वेळ जातोय हो तिचा." जात होता. पण जमत नसेल तर न मारता हात खाली घेणं, हेच तर कितीतरी दिवस शिकवलं होतं.

पदकाबिदकाचा प्रश्नच नव्हता. बाहेर आल्यावर मी भुकेचं विचारलं. तिनं दोन वडे खाल्ले आणि मग म्हणाली, "शून्यानंतरची सिरीज माझी सगळ्यात चांगली झाली."

गुणांच्या सवलतीसाठी मुलांना घालणारेही पुष्कळ भेटतात. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंचं आरक्षण आहे. त्यात गैर काही नाही, पण त्या हिशेबानं नववीत आणलेलं मूल या खेळात वर्षभरात कुठे पोचत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली आणि तिचं पहिलं ऑलिंपिक उजाडलं ते टोकियोत, चाळीसाव्या वर्षी. घाई असलेल्या पालकांना मी एवढी एकच गोष्ट सांगते, आणि मग ते बॅडमिंटनची चौकशी करतात.

मुक्तानं आता नवीन टुमणं काढलंय. तिला रायफल शिकायची आहे. उंची वाढली आहे, टेकूवरून सुरुवात करायला मॅडमची हरकत नाही, पण डोळा डावा म्हणजे रायफल डावखुरी हवी, आणि आमच्या क्लबात आहेत त्या सगळ्या उजव्या. जुन्यात डावखुरी ओपन साइट, म्हणजे साध्या उघड्या खाचेची रायफल मिळणं कठीण असतं म्हणे. आबांनी कुलपाचं लोखंडी कपाट आधीच बघून ठेवलंय. रायफलीचा पत्ता नाही. कुणाच्या माहितीत असेल तर सांगा. सिलिंडरवाली असली तर तारखेचा फोटो आधी पाठवा.